प्रत्येकी पन्नास ग्रॅम

शुक्रवार, १६ जानेवारी

आज माझ्या हातून एक चूक झाली आणि ती पूर्णपणे कायदेशीर होती.

नायगावच्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग भरतो. आमच्याकडची दोघं जातात. वर्ग घेणाऱ्या सुचित्राताईंनी दुपारी ग्रुपवर टाकलं की ८ फेब्रुवारीला मुलांना कान्हेरीच्या लेण्यांवर न्यायचं, पार्कच्या गेटपासून वरपर्यंत पायी. वाटेत खायला पाकिटातलं काही चालणार नाही. घरी केलेलं ट्रेल मिक्स आणायचं, म्हणजे चणे, दाणे, बिया, सुकामेवा. प्रत्येकी मूठभर.

मी उत्तर दिलं, 'मूठभर हे प्रमाणित माप नाही.' एवढंच. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, अठरा वर्षं झाली. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा बोलतो, कुणाला राग येत नाही. (येतो. पण ते दुकानदार असतात.)

सुचित्राताईंचं उत्तर तीन मिनिटांत आलं. 'मग गमरेसाहेब, बत्तीसच्या बत्तीस मुलांचं तुम्हीच करा. मोजून.' खाली एकोणीस जणांचे अंगठे. त्यातला एक संघमित्राचा. संघमित्रा माझी बायको.

लग्नाला उद्या चार महिने होतील. माझं पहिलं, तिचं दुसरं. आकांक्षा अकरा वर्षांची, सुगत सात, ही तिची मुलं. शिवाय सासूबाई, सुंदराबाई. नायगावची बीडीडी चाळ पाडायला घेतल्यापासून हे चौघं कॉटन ग्रीनला भाड्याच्या खोलीत राहतात, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी विक्रोळीहून आलो आणि पाचवा झालो. खिडकीजवळ आकांक्षाचं अभ्यासाचं टेबल होतं. आता तिथे माझं कपाट आहे.

सुगत मला काका म्हणतो. आकांक्षा काहीच म्हणत नाही. बोलायचं असलं की समोर येऊन उभी राहते आणि माझं लक्ष जाईपर्यंत थांबते. खात्यात अशी शिस्त हवी होती. घरात नकोशी वाटते.

बत्तीस गुणिले पन्नास ग्रॅम. एक किलो सहाशे. सोपं आहे.

रविवार, १८ जानेवारी

विकास आला होता. मुलांचे वडील. एक रविवार सोडून येतो. स्वतःची टुरिस्ट गाडी चालवतो, कल्याणला आईबरोबर राहतो. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. तो जिन्यात असतानाच सुगत पावलं ओळखतो आणि चप्पल न घालता पळतो. सासूबाई त्याच्या चहात आलं ठेचून घालतात. मला बिनआल्याचा. (मी कधी मागितलं नाही, हेही लिहून ठेवतो.)

"काय गमरेसाहेब, काय म्हणतं वजन?" हा त्याचा दर वेळचा विनोद. मी दर वेळी "ठीक" म्हणतो.

आज मात्र चहा झाल्यावर तो गंभीर झाला. कल्याणला त्याने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलाय. आकांक्षाने जूनपासून तिकडे राहावं, शाळा जवळ आहे, तिला स्वतःची खोली मिळेल, असं त्याचं म्हणणं. भांडण नाही, जबरदस्ती नाही. "तिने ठरवायचं," तो म्हणाला. संघमित्राने खालमानेने तेच म्हटलं. "तिने ठरवायचं."

आकांक्षा म्हणाली, "कान्हेरीपर्यंत सांगते." आणि गॅलरीत निघून गेली.

माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तटस्थ आहे असं सांगितलं असतं. खोलीत पाच माणसं, मुलीला पाय पसरायला जागा नाही, आणि पाचवं माणूस कोण हे सगळ्यांना दिसतंय. आकडे विकासच्या बाजूचे आहेत.

मंगळवार, २० जानेवारी

कागदावर प्रमाण मांडत बसलो होतो. समोर कुणीतरी उभं आहे असं वाटलं. आकांक्षा.

"भोपळ्याच्या बिया महाग असतात," ती म्हणाली.

"हो."

"आजी दर आठवड्याला लाल भोपळा करते. बिया फेकते."

"त्या चालतील?"

"धुऊन वाळवल्या तर चालतात. शाळेत सांगितलंय." आणि गेली.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं फेकतेय मी. आता रेल मिक्समधे घालणार होय?"

"ट्रेल मिक्स, आई."

"तेच ते."

शनिवार, २४ जानेवारी

शेंगदाणे भाजले. पाव किलो. निकाल खाली.

मंद आच, बारा मिनिटं, असं मोबाइलवर वाचलं होतं. सुगतकडे स्टॉपवॉच दिलं, आकांक्षाकडे कालथा, मी देखरेखीला. सहाव्या मिनिटाला सुगतने विचारलं, मिक्समध्ये रंगीत चॉकलेटच्या गोळ्या का नाहीत? मी म्हणालो, साखर. तो म्हणाला, बेदाण्यात पण साखर असते. मी म्हणालो, ती नैसर्गिक. तो म्हणाला, ऊस पण नैसर्गिक असतो. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी नीट उत्तर शोधत बसलो. आकांक्षा मधे दोनदा म्हणाली, "वास येतोय." मी म्हणालो, "अजून चार मिनिटं आहेत."

बारा मिनिटं बरोबर भरली तेव्हा दाणे कोळशासारखे झाले होते.

सासूबाई कांदा चिरत हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "दाण्याला घड्याळ कळत नाय, जावईबापू. तडतडला की उतरवायचा."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"ईचारलंत कुठं?"

दुसरा पाव किलो आकांक्षाने भाजला, घड्याळाशिवाय. बरे झाले. सालं पाखडायचं काम सुगतने हट्टाने घेतलं आणि गॅलरीत सूप असं काही उडवलं की सगळी सालं शेजारच्या राधाकाकूंच्या ओल्या साडीवर जाऊन चिकटली. त्यांना ती साडी नेसून उद्या हळदीकुंकवाला जायचं होतं. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं नवीन डिझाइन." पण हसल्या नाहीत.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. झेंडावंदनाहून आलो आणि लगेच कामाला लागलो. फुटाणे, दाणे, बिया, कुरमुरे, खजुराचे तुकडे, बेदाणे, खोबऱ्याचे काप. बिया उन्हात वाळत घातल्या होत्या त्यातल्या निम्म्या कावळ्यांनी नेल्या. सुगतला पहाऱ्याला बसवलं होतं, तो म्हणाला, "मोजत होतो काका, किती नेल्या ते. एकशे बारा." अचूकता चांगली आहे. हेतू समजावून सांगायला हवा होता.

सगळं मोठ्या परातीत मिसळलं. तिघांचे हात परातीत. आकांक्षाचा हात माझ्या हाताला लागला की ती काढून घेते. मीही काढून घेतो. त्यामुळे परातीच्या मधला भाग नीट मिसळला गेला नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

कुरमुरे सादळले. चघळले तर कापूस. सासूबाई म्हणाल्या, खजूर ओला असतो, कुरमुऱ्यापाशी ठेवला की असंच होणार. विचारलंत कुठं, हे त्या या वेळी म्हणाल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

यापुढे आधी विचारायचं.

बुधवार, २८ जानेवारी

कुरमुरे बाद. खजूर कापून, कढईत जरा परतून, गार करून घातला (सासूबाईंना विचारून). मिश्रण उत्तम. टिकतं का ते बघायला आठवडाभर डब्यात ठेवायचं ठरलं. डब्यात नक्की नऊशे ग्रॅम भरलं आणि झाकणावर वजन, तारीख लिहिली.

सुगतने विचारलं, "काका, यावर आपलं नाव पण लिहायचं ना? उत्पादक?" हे मी त्याला कधीतरी शिकवलं असणार. उत्पादक म्हणून तिघांची नावं लिहिली. आकांक्षाने वाचलं आणि तिच्या नावातली वेलांटी खोडली. तिच्या नावात वेलांटी नाहीच. मी घातली होती.

गुरुवार, २९ जानेवारी

आठशे पंचेचाळीस.

काटा तपासला. काटा बरोबर आहे.

शुक्रवार, ३० जानेवारी

सातशे दहा! दोन दिवसांत एकशे नव्वद ग्रॅमची घट. बाष्पीभवन धरलं तरी पाच ग्रॅमच्या वर जात नाही.

घरात चार संशयित. सासूबाईंवर संशय घेणं शोभत नाही. त्यांच्या पानाच्या डबीत भोपळ्याची बी दिसली, पण भोपळा त्याच चिरतात. संघमित्रा नर्स आहे, सकाळी सहाला जाते, दुपारी येते, जेवायलाही वेळ नसतो तिला. तिच्या पर्समध्ये किल्ली शोधताना तीन फुटाणे मिळाले. हॉस्पिटलात हल्ली फुटाणे देतात की काय कोण जाणे. सुगतला बेदाणे आवडत नाहीत, तो उचलणार नाही. राहिली आकांक्षा. ती माझ्यावर नाराज आहे. जूनमध्ये जाणार आहे. डबा रिकामा करणं ही नाराजी दाखवण्याची एक रीत असू शकते.

मी डब्याला दोरा बांधून वर लाखेचं सील लावलं. घरी लाख होती, शिक्का नव्हता. अंगठ्याने काम भागवलं. बोट पोळलं.

शनिवार, ३१ जानेवारी

आज लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

संघमित्रा ड्युटीवरून आली. पाय धुऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच हाक मारली. हाकेवरूनच कळलं.

"प्रफुल्ल, हे काय आहे?"

"सील."

"कुणासाठी?"

"घट होतेय. दोन दिवसांत एकशे नव्वद…"

"पोरांच्या खाऊला सील लावतोस? घरातल्या डब्याला?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं होतं. "ती पोरगी दोन आठवडे विचार करतेय इथे राहू की जाऊ. आणि तू तिला दाखवतोस की या घरात तिच्यावर विश्वास नाही."

मी वळलो तर दारात आकांक्षा, क्लासची बॅग खांद्याला. तिने सील बघितलं, माझा अंगठा बघितला आणि आत गेली.

मी सुरीने लाख काढली. मग सगळ्यांना बसवलं आणि म्हणालो, "माझी चूक झाली. डबा उघडा आहे. ज्याला हवं त्याने घ्यावं. वजन होणार नाही."

सुगत म्हणाला, "मग मी आत्ता घेऊ?"

"घे."

आकांक्षा उभी राहिली. लक्ष होतंच माझं, तरी थांबली. मग म्हणाली, "माझ्या नावावर किती धरले होते?"

"काय?"

"कुणी किती खाल्लं ते लिहिलं असेल ना तुम्ही."

खोटं बोलता आलं असतं. "सगळे तुझ्या नावावर धरले होते."

"मी फक्त मधल्या सुट्टीत नेले होते. थोडेसे. मैत्रिणींना दाखवायला."

"मग बाकीचे?"

तिने आजीकडे बघितलं. सासूबाई पंख्याकडे बघायला लागल्या. संघमित्रा म्हणाली, कुकरची शिट्टी झाली वाटतं, आणि उठली. कुकर लावलेला नव्हता. सुगतने कंपासपेटी उघडून तिच्यातले सगळे बेदाणे माझ्यासमोर ओतले. "हे मी काढून ठेवलेले. बाकीचं खाल्लं," तो म्हणाला.

चौकशी बंद केली. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली: घरातली सगळी माणसं येता-जाता डब्यात हात घालत होती, म्हणजे सगळे अर्धपोटी राहतात. तांदूळ वाढवायला सांगितला पाहिजे.

रविवार, १ फेब्रुवारी

विकास मुलांना कल्याणला घेऊन गेला, खोली दाखवायला. संघमित्रा झोपली. सासूबाई नायगावला मैत्रिणीकडे. घर इतकं शांत की पाचाचं एक झाल्यावर जागा किती होते ते पहिल्यांदा कळलं. पुष्कळ होते. मी काटा पुसला. थोड्या वेळाने पुन्हा पुसला.

मग कपाट खिडकीपासून सरकवून दाराच्या मागे लावलं. दार आता पूर्ण उघडत नाही, पण खिडकी मोकळी झाली. तटस्थपणे केलं.

संध्याकाळी मुलं आली. सुगत म्हणाला, ताईच्या खोलीला मोरपिशी रंग आहे. आकांक्षा खिडकीपाशी गेली, मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दार कसं उघडणार?"

"तिरकं होऊन."

ती तिरकी होऊन बाहेर गेली, तिरकी होऊन आत आली. मत दिलं नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मुख्य उत्पादन आज. शेगडी आकांक्षाकडे, सल्ला सासूबाईंकडे, सूप माझ्याकडे (राधाकाकूंची दोरी रिकामी आहे याची खात्री करून). सुगतने जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापले आणि पुड्या बांधायला शिकला. सासूबाईंच्या वडिलांचं लोअर परळला चणे-दाण्याचं दुकान होतं, हे आज कळलं! भावाच्या हाताखाली त्या लहानपणी पुड्या बांधायच्या. कोन करून, वरचा कान आत खोचून, अशी घट्ट पुडी की खाली टाकली तरी सुटत नाही. मी तीन आठवडे या बाईंच्या शेजारी उभा राहून मोबाइलवर शोधत होतो.

"मला कधी बोलला नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली, आणि या वेळी मीच म्हणालो, "विचारलं नाही. कळलं."

त्या हसल्या. दुपारच्या चहात आलं होतं. बहुतेक संघमित्रासाठी घातलं असावं.

बत्तीस पुड्या, प्रत्येकी पन्नास ग्रॅम. वर मोठ्यांसाठी सहा. प्रत्येक पुडी मी काट्यावर ठेवली. एकही चुकली नाही, म्हणजे सुगतच्या चार चुकल्या, पण त्याने माझ्या आधी ओळखल्या.

आकांक्षा कुणाशीतरी गॅलरीत बराच वेळ फोनवर बोलत होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं नाही. उद्या कान्हेरी.

रविवार, ८ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो.

नायगावहून सहाला बस निघाली. संघमित्राची ड्युटी होती, मी मुलांबरोबर. पार्कच्या गेटवर विकास आधीच हजर, गाडीला टेकून, गॉगल लावून. डिकीतून त्याने वेफर्सचा भलामोठा खोका काढला आणि बत्तीस मुलांनी एकच गलका केला. विहारातली निम्मी माणसं त्याच्या चाळीतली, सगळे "विक्या, विक्या" करत त्याच्याभोवती. माझ्या हातात कापडी पिशवी.

सुचित्राताई पुढे आल्या. "विकास, ग्रुपवर काय लिहिलं होतं? पाकिटं चालणार नाहीत."

"अहो ताई, पोरं आहेत."

"खोका गाडीत."

खोका गाडीत गेला. मला आनंद झाला नाही. (झाला.)

चढ सोपा वाटतो आणि संपत नाही. मुलं पुढे पळाली, सुचित्राताई त्यांच्या मागे, मी शेवटून दुसरा. माझ्या मागे विकास. दिवसभर स्टेअरिंगमागे बसणारा माणूस, आणि सकाळपासून पोटात काही नाही. अर्ध्या वाटेवर तो ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसला. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम.

मी पाणी दिलं आणि एक पुडी सोडून हातात दिली. त्याने ती संपवली. दुसरी दिली. मग माझ्या वाटणीची दिली. पाच मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"चांगलंय हो हे," तो म्हणाला. "दाणे कुणी भाजले?"

"आकांक्षाने."

तो पुडीच्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काल फोन केला होता तिने. नाही येत म्हणाली."

मी विचारलं, "कारण?"

"सांगू? रागावू नका." त्याने गॉगल काढला. "म्हणाली, त्यांना शेंगदाणेसुद्धा भाजता येत नाहीत, आजीला काही विचारत नाहीत, नंतर तोंड पाडून बसतात. आई ड्युटीवर. मी गेले तर ते आणि सुगत मिळून घर पेटवतील. त्यांना एकट्याला सोडून कशी येऊ?"

"दुसऱ्या खेपेला आजीला विचारलं होतं," मी म्हणालो.

विकास माझ्याकडे बघून हसायला लागला, आणि हसता हसता थांबला. "मोरपिशी तिनेच सांगितला होता. तीन दुकानं फिरलो त्या रंगासाठी."

मी त्याच्या शेजारी कठड्यावर बसलो. बरीच माणसं आमच्यासमोरून वर गेली. शेवटी मी म्हणालो, "सुट्ट्यांना येईल ना ती. रंग काही जात नाही."

"तेही खरं," तो म्हणाला. मग उठला आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

वर मोठ्या लेण्यात सगळ्यांनी मिळून त्रिशरण म्हटलं. मुलांचा आवाज कमानीत घुमून पुन्हा मुलांवर येत होता आणि सुगत मधेच थांबून तो ऐकत होता. नंतर बाहेर कातळावर पुड्या वाटल्या. बत्तीस मुलं एकदम गप्प झाली. एवढी चांगली शांतता मी कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात एक माकड आलं. पुड्यांकडे त्याने बघितलंही नाही. माझ्या पिशवीत हात घालून खिशात मावणारा छोटा काटा काढला, माझा स्वतःचा, चार वर्षं वापरलेला. कातळावर बसून त्याने बटण दाबलं. आकडे पेटले. त्याने आधी काटा हुंगला, मग त्याच्यावर आपला हात ठेवला, आकडे बदललेले बघून हात काढला, पुन्हा ठेवला. मी "ए, ठेव ते!" म्हणून ओरडलो. माकडाने माझ्याकडे एक नजर टाकली आणि काटा पाण्याच्या टाक्यात फेकून दिला.

सगळा विहार हसला. विकास तर पोट धरून. आणि आकांक्षा. पुढचा एक दात किंचित वाकडा आहे तिचा. मला आजवर माहीत नव्हतं.

येताना बसमध्ये ती माझ्या सीटपाशी येऊन उभी राहिली. "जूनमध्ये शाळा सुरू झाली की डब्याला हेच करायचं," म्हणाली. "दाणे मी भाजणार."

"बरं."

"तुम्ही सूप धरायचं."

"बरं."

घरात माझ्या भाजण्याबद्दल इतकं वाईट मत असेल याची मला कल्पना नव्हती. तरी आज जेवण चांगलं गेलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आकांक्षाने सकाळी आईला सांगितलं. संघमित्रा युनिफॉर्म घालून तयार होती. तिने मुलीला जवळ घेतलं आणि ड्युटीला अठरा मिनिटं उशीर केला. माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच.

बुधवार, ११ फेब्रुवारी

विकासला अर्धा किलो पाठवलं, कल्याणला जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर. अंदाजाने भरलं, काटा नाही. संध्याकाळी त्याचा फोन. "साहेब, खजूर जास्त झालाय." मी म्हणालो, आईंना विचारून कळवतो.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आकांक्षाच्या शाळेतून फॉर्म आलाय, पुढच्या वर्षासाठी. ती मोकळ्या खिडकीपाशी बसून भरत होती. मग उठून माझ्यासमोर आली.

"तुमचा नंबर सांगा."

मी सांगितला. तिने लिहिला. बघितलं तर 'तातडीच्या प्रसंगी संपर्क' या मथळ्याखाली, पहिल्या ओळीत.

"पहिला आईचा लिही," मी म्हणालो. "रीत तशी आहे."

"आई ड्युटीवर फोन घेत नाही. तुम्ही घेता."

"तुला काय माहीत?"

"मी करून बघितलाय. जानेवारीत. मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून, दोनदा. दोन्ही वेळा लगेच उचललात."

मला ते फोन आठवले. परळला एका दुकानात खोटी वजनं सापडली होती आणि फोनवर कुणी बोलेना, म्हणून दुकानदाराचा माणूस धमकावतोय असं मला वाटलं. मी आवाज बराच चढवला होता.

"ओरडला होतात," आकांक्षा म्हणाली. "पण उचललात." आणि दुसऱ्या ओळीवर आईचा नंबर लिहायला घेतला.

तपासणी चालू असताना फोन बंद ठेवायचा, हा आमच्या पथकाचा नियम आहे. मीच घातलेला. त्या दिवशी माझा चुकून चालू राहिला होता. हे मी तिला सांगितलेलं नाही. सोमवारी पुन्हा परळला तपासणी आहे. फोन चालू ठेवणार आहे.